तपासणीच्या खोलीत ती एकटी हवी

गरोदर बाईचं वजन होतं, रक्तदाब घेतला जातो, हिमोग्लोबिनसाठी बोट टोचलं जातं, लघवी तपासली जाते, पोटावर हात ठेवून गर्भाची वाढ पाहिली जाते, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन दिलं जातं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मोजून हातात पडतात. महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. म्हणजे राज्यातली जवळजवळ प्रत्येक गरोदर बाई नऊ महिन्यांत कधी ना कधी नर्सच्या किंवा डॉक्टरच्या समोर बसते, बहुतेक जणी चार-पाच वेळा. या भेटींत तिला एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, ती म्हणजे घरी तुला मारहाण होते का. कुणी विचारलंच, तर सासू शेजारच्या स्टुलावर बसलेली असते किंवा नवरा फाईल धरून दारात उभा असतो. असा प्रश्न न विचारलेलाच बरा.

म्हणून पहिली मागणी प्रश्नाची नाही, खोलीची आहे. गरोदरपणाच्या प्रत्येक तपासणीत बाई काही मिनिटं एकटी, फक्त तपासणाऱ्या व्यक्तीसोबत असेल, असा नियम सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांत लागू व्हायला हवा. त्यात अपवाद नको आणि ‘गरज वाटल्यास’ हे शब्दही नकोत. प्रश्न कोणता, कुणी, कधी विचारायचा, हे सगळं त्यानंतरचं.

आकड्यांनी सुरुवात करायची तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी देशभरात २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होतं. गरोदरपणात मारहाण झाल्याचं सांगणाऱ्या देशभरात ३.१ टक्के निघाल्या. आधीच्या फेरीत त्या ३.९ टक्के होत्या. हा आकडा पाहून हायसं वाटण्याचं कारण नाही. मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत प्रशिक्षित समुपदेशकांनी प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांना एकांतात विचारलं, तेव्हा सुमारे सोळा टक्के स्त्रियांनी चालू गरोदरपणातच घरी छळ होत असल्याचं सांगितलं. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. रुग्णालयातल्या पाहणीत मानसिक, आर्थिक आणि लैंगिक छळही धरला होता, सर्वेक्षणातल्या आकड्यात फक्त मारहाण. पण कोण विचारतं, कुठे विचारतं आणि विचारणाऱ्याच्या हातात पुढे देण्यासारखं काही आहे का, यावर उत्तर किती बदलतं, ते यातून दिसतं.

या सर्वेक्षणाची एक पद्धत दवाखान्यांनी उचलण्यासारखी आहे. हिंसेविषयीचे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारायचे, आणि पूर्ण एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न सोडून द्यायचे, अशी सूचना प्रश्नावलीतच असते. एरवी शेकडो प्रश्न विचारणारं सर्वेक्षण इथे माघार घेतं, कारण आडोशाशिवाय मिळालेलं उत्तर खोटं असतं आणि विचारल्याची किंमत त्या बाईला रात्री मोजावी लागू शकते. ज्या दवाखान्यात बाई महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या पायांनी येते, तिथे मात्र हा साधा विचार पोहोचलेला नाही.

धोका कुणाला जास्त, याची यादी आता पुष्कळ अभ्यासांनी पक्की केली आहे. सगळ्यात ठळक घटक म्हणजे आधीची मारहाण. गरोदरपणात मार खाणाऱ्या बहुतेकींना त्याआधीही मार बसलेला असतो, गरोदरपण त्याला थांबवत नाही एवढंच. काही घरांत मात्र मार सुरूच गरोदरपणात होतो. त्यामागे नको असलेलं किंवा लवकर राहिलेलं गरोदरपण असतं, ‘दिवस कुणाचे’ हा संशय असतो, शरीरसंबंधाला मिळालेला नकार असतो, किंवा बायको आता कामाला पुरेशी उपयोगी पडत नाही आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे, ही चीड असते. लहान वय हा आणखी एक घटक. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सतराव्या वर्षी गरोदर राहिलेली मुलगी घरातल्या कुणालाच उलट बोलू शकत नाही, आणि दवाखान्यात वय खरं सांगितलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक असल्यामुळे घरचे तिला तिथेही उशिरा आणतात.

मुलग्याची हाव हा आपल्याकडचा जुनाच घटक. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. दोन मुलींवर तिसऱ्यांदा गरोदर असलेल्या बाईवर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दबाव चढतो. चोरून तपासणीला चल म्हणून मार, नाही म्हटलं म्हणून मार, आणि तपासणीत मुलगी निघाली की गर्भ पाडायला तयार होत नाही म्हणून मार. दोन-तीन मुलींची आई उशिरा नोंदणीला आली, किंवा मध्येच दोन महिने गायब झाली, तर तपासणाऱ्याच्या मनात हा विचार आपसूक यायला हवा.

दारूचं प्रमाण मोठं आहे यात वाद नाही. याच राष्ट्रीय सर्वेक्षणात नवरा वारंवार झिंगून येतो अशा स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी, तर नवरा अजिबात पीत नाही अशांपैकी २३ टक्के जणींनी हिंसा सांगितली. आपल्याकडे पहिला आकडा लगेच उचलला जातो. गावोगावी बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, ती लढाई खरी आहे आणि तिचा फायदाही झाला. पण दुसरा आकडा गिळणं अवघड जातं. न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांतही चौघींमागे जवळपास एक. दारू मारण्याची धिटाई देते आणि नंतर सबबही देते. मारण्याचा हक्क आपल्याला आहे ही समजूत बाटलीतून येत नाही.

ऊसतोडीचा धोका वेगळ्या जातीचा आहे. बीड, जालना, परभणीकडून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते. बायको गरोदर म्हणून बसली तर कोयता अर्धा होतो, फेडायची उचल मात्र तेवढीच राहते. घरात पैशाच्या नावाने होणारं भांडण इथे फडावर, कोपीत, माहेरापासून शेकडो किलोमीटरवर होतं. नोंदणी गावच्या उपकेंद्रात, बाई कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर. गावच्या आशाताईच्या वहीत ती ‘स्थलांतरित’ होते आणि फडावरच्या वहीत तिचं नाव आलेलंच नसतं. तिच्याबाबतीत विचारणारं माणूसच जागेवर नाही.

तरीही धोक्याच्या घटकांच्या याद्यांबद्दल एक तक्रार करायलाच हवी. यादीतले बहुतेक रकाने बाईचे असतात. तिचं वय, शिक्षण, मुली किती, ती कमावते का. मारणारा कोण, त्याने लहानपणी आईला मार खाताना पाहिलं का, त्याच्यावर कर्ज किती, आधीच्या तक्रारी किती, हे रकाने अपुरे राहतात, कारण दवाखान्यात येते ती बाई. मग यादी हातात धरून आरोग्य कर्मचारी ठरवू लागतात की हिला विचारावं, हिला नको. नोकरी करणारी, इंग्रजी बोलणारी, गाडीतून उतरलेली बाई ‘नको’च्या बाजूला पडते. तिच्या घरात पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे असतं, फोन रोज तपासला जातो, आणि मार बसतो तो कपड्यांखाली झाकला जाईल अशा जागी. याद्या धोरण आखायला उपयोगी आहेत, सरकारने पैसा आणि माणसं कुठे आधी पाठवायची ते ठरवायला. दारात आलेल्या बाईला गाळण्यासाठी त्या वापरू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने काही देशांत केलेल्या अभ्यासात (अहवाल २००५) गरोदरपणात मारहाण झालेल्यांपैकी पाव ते निम्म्या स्त्रियांच्या पोटावर लाथ किंवा ठोसा बसला होता, आणि मारणारा बहुतेक वेळा पोटातल्या बाळाचा बापच होता. पोटावर असा मार बसला की वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, गर्भाशयापासून सुटू शकते. लक्षणं म्हणजे पोटात सतत दुखणं, पोट दगडासारखं कडक लागणं, बाळाची हालचाल कमी होणं, अंगावरून रक्त जाणं. पण रक्त आत साठून बाहेर थेंबही दिसत नाही असंही होतं, आणि सोनोग्राफी सुटलेली वार पुष्कळदा दाखवत नाही. म्हणून बाळ जगण्याइतपत महिने भरलेले असतील तर मार लागल्यानंतर किमान चार तास बाळाचे ठोके आणि गर्भाशयाच्या कळा यांवर लक्ष ठेवावं लागतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर या नव्हे तर पुढच्या बाळाच्या रक्तपेशींवर संकट येऊ शकतं.

बाई सांगते, मोरीत पाय घसरला. नर्स पोट बघते, ठोके लागतात, सोनोग्राफी बरी येते, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवते. चार तास थांबवायचं, रक्तगट बघायचा, हे कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण मार लागला हेच माहीत नसतं. म्हणून हिंसेविषयी विचारणं हे समाजकार्याचं शेपूट नाही, ते प्रसूतिशास्त्राचंच काम आहे. मुदतीआधी होणारी प्रसूती, कमी वजनाचं बाळ, गर्भपात, अर्धवट राहिलेल्या तपासण्या, बाळंतपणाआधीचं आणि नंतरचं नैराश्य, या सगळ्यांशी हिंसेचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून गोळ्या बदलून पाहणाऱ्याने ती जेवते का, आणि जेवू देतात का, हेही विचारावं.

आता खोलीचा नियम प्रत्यक्षात कसा आणायचा. पोट तपासायला बाई टेबलावर झोपते, पडदा ओढला जातो. एकांताची ती जागा आधीपासूनच आहे, फक्त सासू पडद्याच्या आत येते. दारावर पाटी लावा: ‘पोटाच्या तपासणीच्या वेळी फक्त गरोदर माता आत येईल.’ नियम सगळ्यांना सारखा असला की कुणावर संशय येत नाही आणि बाईला घरी जाऊन जाब द्यावा लागत नाही. ‘मला का बाहेर काढलं’ असं नवऱ्याने विचारलं तर ‘सगळ्यांनाच काढतात’ हे खरं उत्तर तयार असतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी गर्दी उसळते. त्या दिवशी एकच पडदा पुरणार नाही, वजनकाट्याशेजारची एक खोली राखून ठेवावी लागेल. उपकेंद्रात खोली एकच असते, तिथे बाकीच्यांना ओट्यावर बसवावं लागतं. अंगणवाडीत भरणाऱ्या आरोग्य आणि पोषण दिनाच्या दिवशी मात्र हा विषय काढूच नये. तिथे आडोसा मिळत नाही आणि सगळी गावचीच असतात.

खासगी दवाखान्यांची अडचण उलटी आहे. तिथे नवऱ्याने प्रत्येक तपासणीला सोबत यावं, सोनोग्राफी एकत्र पाहावी, याचं कौतुक होतं. त्याने यावंच, पण अख्खी भेट त्याच्यासमोर होण्याचं कारण नाही. नवरा तिच्या वतीने उत्तरं देतो, तिला एकटं सोडतच नाही, हे स्वतःच एक लक्षण मानलं पाहिजे.

प्रश्नाच्या शब्दांवर सगळं अवलंबून असतं. ‘घरी सगळं ठीक ना?’ याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यातला वाटतो. घडलेली कृती विचारावी, तिला ‘अत्याचार’सारखं नाव देऊ नये. उदाहरणार्थ: ‘गरोदरपणात बऱ्याच घरांत भांडणं वाढतात, काही जणींना मारही बसतो. त्याचा परिणाम बाळावर होतो म्हणून आम्ही सगळ्यांनाच विचारतो. या दिवसांत तुम्हाला कुणी मारलं, ढकललं, केस ओढले, पोटावर लाथ मारली असं झालंय का?’ मग: ‘नको म्हणत असताना जबरदस्तीने जवळ येतात का?’ मग: ‘घरी जायची भीती वाटते का?’ विवाहांतर्गत बलात्कार हा प्रौढ पत्नीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेतही गुन्हा नाही. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात कायद्यापुरता तो बलात्कारच मानला आणि अशा गर्भधारणेत २४ आठवड्यांपर्यंतची सवलत दिली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘हो’ आलं तर ही माहिती तिला द्यायलाच हवी. गर्भपातासाठी सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, हेसुद्धा. आजही अनेक ठिकाणी ती सही मागितली जाते.

एकदा विचारून भागत नाही. पहिल्या भेटीत बहुतेकजणी ‘नाही’ म्हणतात. ‘रागीट आहेत, पण मनाने चांगले आहेत’ असं म्हणणारी बाई दार किलकिलं करते, ते लोटायला पुढच्या भेटीची वाट पाहावी. दर तिमाहीत एकदा आणि बाळंतपणानंतर एकदा विचारणं व्यवहार्य आहे. विचारायचं काम नर्स किंवा समुपदेशकाकडे असावं. आशाताईंवर ते टाकू नये. त्या त्याच गावच्या, कधी त्याच भावकीतल्या असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातही हेच चाललेलं असू शकतं. आशाताईंचं काम तिला दवाखान्यापर्यंत आणणं आणि काही कळलं तर नर्सला सांगणं, एवढंच ठेवावं.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सगळ्या स्त्रियांना सरसकट विचारा असं सांगत नाहीत. २०१६ च्या प्रसूतिपूर्व सेवेच्या सूचना म्हणतात की लक्षणांवरून शंका येईल तेव्हा विचारा, आणि तेही विचारणारा प्रशिक्षित असेल, एकांत असेल, पुढे पाठवायची सोय असेल तरच. कारण उघड आहे. नुसता रकाना भरण्यासाठी विचारलं तर बाईच्या हाती काही पडत नाही, धोका तेवढा वाढतो. हे मान्य करूनच खोलीचा नियम आधी मागितला आहे. एकांत सगळ्यांना लगेच देता येतो, त्याला प्रशिक्षण लागत नाही. प्रश्न जिथे प्रशिक्षित नर्स आहे तिथे आधी सुरू व्हावा, आणि शंकेचा उंबरठा खूप खाली ठेवावा. उशिरा नोंदणी, चुकलेल्या तारखा, न पटणारी जखम, वारंवार पोटदुखी, न वाढणारं वजन, तीन मुली, डोळ्यांत पाणी, यांतलं एकही पुरे. आरसीएचच्या (माता-बाल आरोग्याच्या) नोंदवहीत मात्र ‘हिंसा: हो/नाही’ असा रकाना छापू नये. तो छापला गेला की वरून लक्ष्य येईल, महिनाअखेरीस सगळीकडे ‘नाही’ भरलं जाईल, आणि जिल्ह्यात हिंसा नाही असा अहवाल मुंबईला जाईल.

उत्तर ‘हो’ आलं की पहिल्या पाच मिनिटांत ज्या चुका होतात त्या बहुतेक चांगुलपणातून होतात. सगळ्यात घातक चूक म्हणजे नवऱ्याला आत बोलावून समज देणं. नर्सला वाटतं दमात घेतलं, बाईला घरी गेल्यावर ‘बाहेर सांगितलंस’ म्हणून दुप्पट मार बसतो. दुसरी चूक म्हणजे कार्डावर लिहिणं. माता व बाल संरक्षण कार्ड घरी जातं, ते सासूही वाचते, नवराही. हिंसेची नोंद दवाखान्यात राहणाऱ्या कागदावरच व्हावी, कार्डावर खूणसुद्धा नको. हेल्पलाइनचं पत्रक पर्समध्ये सापडलं तरी तेच होतं, म्हणून १८१ आणि ११२ हे आकडे तोंडपाठ करून घ्यावेत, आणि पहिला फोन दवाखान्याच्या फोनवरून लावून द्यावा. तिसरी चूक म्हणजे ‘बाळ झालं की सुधारेल’. चौथी, ‘आजच सोडून जा’. सोडायचं की नाही आणि कधी, हे तीच ठरवते. सोडून जाताना आणि त्यानंतरचे दिवस अनेकदा सगळ्यात धोक्याचे असतात.

करायचं काय, तर ऐकायचं, तिची चूक नाही हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, आणि आजचा धोका मोजायचा. मार वाढत चाललाय का? कधी गळा दाबला का? कोयता, सळई, रॉकेल, पेट्रोल यांची धमकी दिली का? जिवे मारीन म्हणाला का? तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? यांतल्या एकालाही ‘हो’ असेल तर नेहमीची तारीख देऊन तिला घरी पाठवू नये. गळा दाबल्याच्या खुणा बाहेरून दिसत नाहीत असं पुष्कळदा होतं. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके यांवर लक्ष ठेवावं. अशा वेळी निरीक्षणासाठी एक-दोन दिवस दाखल करून घेणं हा सगळ्यात सोपा आडोसा आहे. गरोदर बाईला दाखल करायला कारण शोधावं लागत नाही, आणि तेवढ्या वेळात माहेरी किंवा सखी केंद्राशी (हिंसा झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राशी) बोलणं होतं.

घरी जाणारच असेल तर तिच्याशी बारीकसारीक ठरवून घ्यावं. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि थोडे पैसे शेजारणीकडे किंवा बहिणीकडे आधीच ठेवायचे. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात किंवा मोरीत जायचं नाही, दाराजवळ राहायचं. मार चुकवताच आला नाही तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी डोकं झाकायचं. मारानंतर पोट दुखलं, पाणी किंवा रक्त गेलं, बाळ हललं नाही, तर कारण काहीही सांगून लगेच दवाखाना गाठायचा. मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे पाच हजार कुणाच्या ताब्यातल्या खात्यात जातात, हेही विचारून घ्यावं.

नोंद नीट झाली तर ती वर्षांनंतरही कामाला येते. जखम कुठे, किती सेंटिमीटर, रंग कोणता, शरीराच्या आकृतीवर खूण, किती आठवडे, बाळाचे ठोके किती, आणि बाईचं सांगणं तिच्याच शब्दांत: ‘नवऱ्याने डाव्या कुशीत लाथ मारली.’ केसपेपरवर नुसतं ‘मारहाण’ किंवा ‘घरगुती वाद’ लिहिलेलं न्यायालयात टिकत नाही. ती पडले म्हणाली आणि जखम पडल्यासारखी दिसत नसेल, तर दोन्ही लिहावं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. त्याच्या कलम ७ खाली रुग्णालयाने अशा बाईवर उपचार करणं बंधनकारक आहे. नियम १७ सांगतो की आधी कौटुंबिक घटना अहवाल झालेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तो नसेल तर नमुना १ मध्ये तो रुग्णालयाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली अशा बायकांच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची. हा फॉर्म तुमच्याकडे आहे का, असं कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात विचारून बघावं. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे गेला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात गरोदरपण संपतं, तारखा संपत नाहीत. म्हणून कलम २३ खालचा अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश पहिल्याच अर्जात मागावा, आणि वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट स्त्रियांना नाही, हे तिला सांगावं. तिच्या संमतीशिवाय मारून गर्भ पाडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ प्रमाणे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

संरक्षण अधिकाऱ्याचं पद बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच कामात बुडालेल्या माणसाच्या गळ्यात मारलेलं असतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागलं तरच त्या आदेशाला तालुक्यात अर्थ आहे. महाराष्ट्राला शून्यातून सुरुवात करायची नाही. मुंबईत पोलिसांसोबत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, आणि २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उघडलं. रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांना समुपदेशनासाठी तयार करायचं, ही त्यातली कल्पना. ती पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांत गेली. जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयांत ती तशीच का असू नये, याचं पटणारं उत्तर कुणी दिलेलं नाही.

तंटामुक्तीच्या बैठकीबद्दल दोन शब्द. बांधाचा वाद मिटवायला ती चांगली. पण जिथे मारणारा आणि मार खाणारी समोरासमोर बसवले जातात आणि ‘नांदव’ म्हणून हात जोडायला लावले जातात, तिथे समेट तिच्या पाठीवर होतो. गरोदर बाईचं प्रकरण तिथे नेऊच नये. दवाखान्यातल्या समुपदेशकाचंही काम घर जुळवणं नाही. तिचा आणि बाळाचा जीव सुरक्षित राहणं ही एकच कसोटी.

‘नर्सला वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप खरा आहे. एका नर्सकडे शंभर बायकांची रांग असताना प्रत्येकीला दहा मिनिटं देता येणार नाहीत. पण पोटाची तपासणी एरवीही होतेच, नियमाला जास्तीचा लागतो तो पडदा आणि अर्धा मिनिट. दहा मिनिटं लागतात ती ‘हो’ म्हणणारीला, आणि तिला ती न देता वाचवलेला वेळ पुढे लेबर रूममध्ये आणि नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात व्याजासह जातो.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. डोहाळजेवण झालं, सातवा-आठवा लागला की मुलगी माहेरी येते, आणि पुष्कळजणींसाठी ते दोन-चार महिने मार नसलेले असतात. सासरच्या नर्सने सहाव्या महिन्यात जे ऐकलं ते माहेरच्या नर्सला कळत नाही. बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, पण माहेरच्या घरी. बाळ घेऊन ती सासरी परतते तेव्हा या भेटी संपलेल्या असतात, अंगात अशक्तपणा असतो, मुलगी झाली असेल तर नवं निमित्त तयार असतं. त्यानंतर ती दवाखान्यात येते ती बाळाच्या लसीला, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. साडेतीन महिन्यांची लस बहुतेक वेळा सासरच्या उपकेंद्रातच टोचली जाते. बाळाला लशीची तीव्र ॲलर्जी किंवा तसा तातडीचा त्रास होतो का हे पाहायला लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात. त्या अर्ध्या तासात आईचं बीपी घ्यायला म्हणून तिला एकटीला आत बोलवावं, आणि गरोदरपणातला तोच प्रश्न पुन्हा विचारावा.